जेन एलन हॅरिसन आणि केंब्रिजमधील ग्रीकविद्येचा अभ्यास

विद्यापीठात ग्रीक आणि रोमन संस्कृतीचा अभ्यास करणे म्हणजे नेमके काय करणे, हा प्रश्न एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला केंब्रिजमध्ये कोणी विचारला असता, तर परीक्षेच्या प्रश्नपत्रिकांकडे बोट दाखवून त्याचे उत्तर देता आले असते. अभिजात भाषांची ‘क्लासिकल ट्रायपॉस’ ही परीक्षा तेथे १८२४ पासून घेतली जात होती. ग्रीक व लॅटिन उताऱ्यांचे इंग्रजीत भाषांतर करणे आणि इंग्रजी गद्यपद्य ग्रीक-लॅटिनमध्ये, तेही पद्य असल्यास त्या भाषांतील छंद सांभाळून, उतरवणे हा या परीक्षेचा गाभा होता. आपल्याकडे संस्कृत पंडितांच्या सभेत समस्यापूर्तीला जी प्रतिष्ठा होती, तिच्याशी या प्रतिष्ठेची तुलना करता येईल. भाषेवरील प्रभुत्व हीच विद्वत्ता, असे समीकरण त्यामागे होते. ग्रीकांची देवळे, शिल्पे, मृत्पात्रांवरील चित्रे, त्यांचे सणवार, प्रेतविधी आणि नवससायास यांना या अभ्यासात दुय्यमच नव्हे, तर जवळजवळ काहीच स्थान नव्हते. या परिस्थितीत पुढील अर्धशतकात जे परिवर्तन घडले, त्याच्याशी जेन एलन हॅरिसन (१८५०–१९२८) यांचे नाव निगडित आहे. त्यांच्या सिद्धान्तांची चर्चा नाट्याच्या उत्पत्तीच्या संदर्भात आपल्याकडे अधूनमधून होते. परंतु त्या सिद्धान्तांमागील जीवनक्रम फारसा परिचित नाही. त्या ज्या विद्यापीठात शिकल्या आणि जेथे त्यांनी चोवीस वर्षे अध्यापन-संशोधन केले, त्या विद्यापीठाच्या पूर्ण सदस्यत्वाचा हक्क त्यांना अखेरपर्यंत मिळाला नाही. त्यांचे कार्य आणि हे वगळलेपण यांचा परस्परसंबंध तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

जेन हॅरिसन यांचा जन्म ९ सप्टेंबर १८५० रोजी यॉर्कशायरमधील कॉटिंगम येथे झाला. वडील चार्ल्स हॅरिसन इमारती लाकडाचे व्यापारी होते आणि त्यांचा व्यापार रशियाशी चाले. आई जेनच्या जन्मानंतर थोड्याच दिवसांत सूतिकाज्वराने वारली. पुढे वडिलांनी मुलांच्या वेल्श शिक्षिकेशी विवाह केला. ही सावत्र आई कडव्या इव्हँजेलिकल पंथाची होती. रविवारची प्रार्थना, बायबलमधील वचनांचे पाठांतर आणि पापाची सततची जाणीव अशा वातावरणात मुलीचे बालपण गेले. धर्म म्हणजे श्रद्धेची कलमे, की समूहाने केलेली कृती, या प्रश्नाला हॅरिसन यांच्या प्रौढ लेखनात जे मध्यवर्ती स्थान आहे, त्याचे मूळ या बालपणात शोधण्याचा मोह चरित्रकारांना होतो. तो अगदीच निराधार म्हणता येणार नाही. मात्र व्हिक्टोरियन इंग्लंडमधील असंख्य मुले अशाच घरांत वाढली आणि त्यांतील फार थोड्यांनी ग्रीक धर्मावर ग्रंथ लिहिले, हेही विसरता कामा नये.

घरी शिक्षिकांच्या हाताखाली जर्मन, लॅटिन, थोडी ग्रीक असे तुटक शिक्षण झाले. गावात आलेल्या एका तरुण धर्मोपदेशकाशी ग्रीक ‘नव्या करारा’विषयी चाललेल्या चर्चेचा घरच्यांना संशय आला आणि १८६८ मध्ये तिची रवानगी चेल्टनम लेडीज कॉलेजात झाली. डोरोथिया बील या तेथील मुख्याध्यापिका मुलींच्या उच्च शिक्षणाच्या आघाडीच्या पुरस्कर्त्या होत्या. शिक्षा म्हणून धाडलेल्या मुलीला तेथे विद्येची वाट सापडली. शाळा संपल्यावर मात्र काही वर्षे घरी परतून धाकट्या भावंडांना शिकवण्यात गेली. आईकडून वारशाने आलेले स्वतःचे थोडे उत्पन्न त्यांच्या नावे होते. ही बाब नमूद केली पाहिजे, कारण पुढील आयुष्यात पगाराची शाश्वती नसताना त्यांना जे स्वातंत्र्य घेता आले, त्याला या उत्पन्नाचा आधार होता.

१८७४ मध्ये शिष्यवृत्ती मिळवून त्या केंब्रिजला गेल्या. हेन्री सिज्विक यांच्या प्रयत्नांतून १८७१ मध्ये पाच विद्यार्थिनींसाठी एका भाड्याच्या घरात सुरू झालेली व्यवस्था, ॲन क्लफ यांच्या देखरेखीखाली, तेव्हा आकार घेत होती. १८७५ मध्ये तिला स्वतःची वास्तू मिळाली आणि ती न्यूनम या नावाने ओळखली जाऊ लागली. या विद्यार्थिनींचे विद्यापीठातील स्थान चमत्कारिक होते. प्राध्यापकाने परवानगी दिली तर व्याख्यानाला बसता येई. परीक्षकांनी सौजन्य दाखवले तर परीक्षेच्या प्रश्नपत्रिका सोडवता येत आणि निकाल खासगीरीत्या कळवला जाई. परीक्षेला बसण्याचा रीतसर हक्क १८८१ मध्ये मिळाला, तोही पदवीविना. हॅरिसन १८७९ मध्ये क्लासिकल ट्रायपॉसला बसल्या तेव्हा सर्व काही परीक्षकांच्या मर्जीवर होते. त्यांना द्वितीय वर्ग मिळाला.

या द्वितीय वर्गाविषयी थोडे थांबून विचार केला पाहिजे. पब्लिक स्कूलमधून आलेल्या मुलाने सात-आठ वर्षांच्या वयापासून लॅटिन आणि त्यानंतर लवकरच ग्रीक पद्यरचनेचा सराव केलेला असे. त्या काळातील मुलीला अशी पूर्वतयारी मिळणे जवळजवळ अशक्य होते. परीक्षा मात्र त्याच तयारीची होती. पुढे १८८७ मध्ये गर्टन कॉलेजची ॲग्नाटा रॅम्झी ही विद्यार्थिनी याच परीक्षेत प्रथम वर्गाच्या वरच्या श्रेणीत आली आणि त्या वर्षी त्या श्रेणीत दुसरे एकही नाव नव्हते. तरी तिला पदवी मिळाली नाही. त्याच सुमारास, १८८० च्या दशकाच्या अखेरीस, पुण्याच्या डेक्कन कॉलेजमधून शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांना मुंबई विद्यापीठाने पदवी दिली होती. लंडन विद्यापीठाने १८७८ मध्येच स्त्रियांना पदव्या खुल्या केल्या होत्या. म्हणजे साम्राज्याच्या एका टोकाला जे घडून गेले होते, ते केंब्रिजच्या परंपरेला मानवत नव्हते.

न्यूनममधील त्या वर्षांत बाहेरची थोर मंडळी हे नवे कॉलेज पाहण्यास येत. तुर्गेन्येव्ह आले तेव्हा त्यांना इमारत दाखवण्याचे काम हॅरिसन यांच्याकडे होते; त्यांना रशियन बोलून दाखवण्याची विनंती करण्याचे धाडस झाले नाही, याची रुखरुख त्यांनी आयुष्यभर बाळगली. ग्लॅडस्टन यांची कन्या कॉलेजशी संबंधित असल्याने तेही एकदा आले. होमरवर ग्रंथ लिहिणाऱ्या या राजकारण्याने आवडता ग्रीक लेखक कोणता, असे विचारले. अपेक्षित उत्तर ठाऊक असूनही हॅरिसन यांनी युरिपिडीसचे नाव घेतले आणि संभाषण तेथेच खुंटले. संशयवादी युरिपिडीस हे तत्कालीन सभ्य अभिरुचीला न रुचणारे नाव होते. या प्रसंगातील खोडकरपणा त्यांच्या नंतरच्या लेखनशैलीतही दिसतो.

परीक्षेनंतर न्यूनममध्ये अध्यापकाची एक जागा अपेक्षित होती, ती मिळाली नाही. १८८० नंतरची सुमारे अठरा वर्षे त्यांनी लंडनमध्ये काढली. विद्यापीठीय अभ्यासाच्या दृष्टीने हा बाहेरचा काळ. परंतु हॅरिसन यांचा विषय खऱ्या अर्थाने घडला तो येथे. ब्रिटिश म्युझियममधील ग्रीक व रोमन पुरावस्तूंचे प्रमुख सर चार्ल्स न्यूटन यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी शिल्पांचा आणि मृत्पात्रांवरील चित्रांचा अभ्यास आरंभिला. ‘ओडिसी’तील कथांचा कलेतील आविष्कार तपासणारे त्यांचे पहिले पुस्तक १८८२ मध्ये आले, तर ग्रीक कलेचा परिचय करून देणारे दुसरे १८८५ मध्ये. म्युझियममधील दालनांत, शाळांत आणि निरनिराळ्या शहरांतील सभागृहांत त्या व्याख्याने देत. काचेवरील चित्रे पडद्यावर मोठी करून दाखवण्याचे नवे साधन त्यांनी कौशल्याने वापरले. ग्लासगो येथे अथेन्समधील थडग्यांच्या शिल्पांवरील व्याख्यानाला सोळाशे श्रोते जमले होते. ट्रायपॉसच्या परीक्षागृहात ज्यांचा प्रवेश कधीच होणार नव्हता, अशा या लोकांपुढे ग्रीक संस्कृती वस्तूंच्या आधारे मांडावी लागली. ग्रीक न येणाऱ्या श्रोत्याला उताऱ्याचे अन्वयार्थ सांगून भागत नाही. त्याला ही वस्तू कोणी केली, कशासाठी केली, तिच्यापुढे काय केले जाई, हे सांगावे लागते. हॅरिसन यांच्या प्रश्नांची दिशा या श्रोतृवर्गामुळे काही प्रमाणात ठरली असावी, असे मला वाटते.

केंब्रिजही या काळात अगदी स्थिर नव्हते. ट्रायपॉसची दोन भागांत पुनर्रचना झाली, दुसऱ्या भागात पुरातत्त्व, तत्त्वज्ञान, इतिहास हे विशेष अभ्यासविषय म्हणून आले, आणि १८८४ मध्ये ग्रीक शिल्पांच्या साचेप्रतींचे संग्रहालय उघडले. तेव्हा सगळे परिवर्तन एका व्यक्तीच्या नावावर जमा करणे इतिहासाला धरून होणार नाही.

१८८८ मध्ये त्या प्रथम ग्रीसला गेल्या. अथेन्समधील जर्मन पुरातत्त्व संस्थेचे व्हिल्हेल्म ड्योर्पफेल्ट तेव्हा प्रत्यक्ष अवशेषांसमोर उभे राहून आपले निष्कर्ष समजावून देत असत. या प्रवासाचे फळ म्हणजे १८९० मध्ये प्रसिद्ध झालेला, प्राचीन अथेन्समधील पुराणकथा व वास्तू यांवरील ग्रंथ. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील प्रवासी पॉसेनियस याने केलेल्या अथेन्सच्या वर्णनाचे मार्गारेट व्हेरॉल यांनी केलेले भाषांतर आणि त्यावर हॅरिसन यांचे विस्तृत भाष्य असे त्याचे स्वरूप आहे. वरवर पाहता ही स्थलदर्शिका आहे. परंतु तिच्या प्रास्ताविकात एक असा विचार मांडला गेला, ज्याने पुढील चाळीस वर्षांचे वाद निर्माण केले. अनेक पुराणकथा या विधीचा अर्थ विस्मृत झाल्यावर तो स्पष्ट करण्यासाठी रचल्या गेल्या. म्हणून कथा समजून घ्यायची तर आधी विधी शोधला पाहिजे, असा तो विचार होता. सेमिटिक धर्मांविषयी विल्यम रॉबर्टसन स्मिथ यांनी नुकतेच असेच म्हटले होते आणि फ्रेझर यांचा ‘द गोल्डन बाव’ याच वर्षी निघाला. हॅरिसन यांचे वैशिष्ट्य असे की, त्यांनी हे सूत्र एका शहरातील ठिकठिकाणच्या दगडांना लावून दाखवले.

त्यांचे एक उदाहरण पाहण्यासारखे आहे. ॲक्रोपोलिसवर अथेनेच्या सेवेत दोन लहान मुली ठेवल्या जात. सणाच्या रात्री पुजारीण त्यांच्या डोक्यावर झाकलेले काहीतरी देई. काय दिले हे पुजारिणीलाही ठाऊक नसे आणि मुलींनाही. त्या भुयारी वाटेने खाली उतरून ओझे ठेवत आणि गुंडाळलेले दुसरे काही घेऊन परतत. इतका तपशील पॉसेनियसने दिला आहे. आता कथा अशी की, अथेनेने केक्रोप्स राजाच्या मुलींकडे एक पेटी सोपवली आणि उघडू नये अशी ताकीद दिली. त्यांपैकी दोघींनी ती उघडली, आत बालक आणि सर्प पाहून त्या वेड्या झाल्या आणि कड्यावरून त्यांनी उड्या टाकल्या. हॅरिसन यांच्या मते ही कथा विधीतून निघाली आहे. न पाहता वाहून न्यायचे, हा नियम आधी. नियम मोडणाऱ्या राजकन्या नंतर. आपल्या चातुर्मासातील कहाण्या ज्यांनी लहानपणी ऐकल्या आहेत, त्यांना ही रचना अपरिचित वाटणार नाही. व्रत कसे करावे, उतले-मातले तर काय होते, हे सांगण्यासाठी कहाणीतील राणी किंवा सून चूक करते. कहाणी व्रतासाठी असते. ग्रीक पुराणकथा मात्र शतकानुशतके केवळ काव्याचा विषय म्हणून वाचल्या गेल्या आणि त्यांचे व्रत हरवले.

या काळात युनिव्हर्सिटी कॉलेज, लंडन येथील येट्स अध्यासनासाठी त्यांनी दोनदा अर्ज केला. १८८८ मध्ये न्यूटन यांनी सोडलेली ती जागा रेजिनल्ड स्ट्युअर्ट पूल यांच्याकडे गेली आणि १८९६ मध्ये अर्नेस्ट गार्डनर यांच्याकडे. त्याच दशकात ॲबर्डीन (१८९५) आणि डरम (१८९७) विद्यापीठांनी त्यांना सन्मान्य डॉक्टरेट दिली. ज्या वर्षी डरमची पदवी मिळाली, त्याच वर्षी मे महिन्यात केंब्रिजमध्ये स्त्रियांना नाममात्र पदवी द्यावी या प्रस्तावावर मतदान झाले. गावोगावचे पदवीधर मतदानासाठी खास रेल्वेगाड्यांनी आले. सिनेट हाउससमोर सायकलवर बसलेल्या स्त्रीचा पुतळा टांगण्यात आला होता. प्रस्ताव मोठ्या बहुमताने फेटाळला गेला आणि पुतळ्याच्या चिंध्या झाल्या.

१८९८ मध्ये, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, न्यूनमने त्यांना संशोधनासाठी परत बोलावले. विद्यापीठाने नव्हे, कॉलेजने, हा भेद महत्त्वाचा आहे. ठरावीक परीक्षेसाठी विद्यार्थिनी तयार करण्याच्या नित्यकर्मातून त्यांना बरीच मोकळीक मिळाली. यापुढील पंधरा वर्षे ही त्यांच्या आयुष्यातील सर्वांत फलदायी वर्षे ठरली. पेंब्रोक कॉलेजचे रॉबर्ट अलेक्झांडर नील त्यांच्या लेखनातील ग्रीक तपासून देत. हे नील संस्कृतचेही जाणकार होते. कॉवेल यांच्यासह त्यांनी ‘दिव्यावदान’ या बौद्ध संस्कृत ग्रंथाचे संपादन केले होते (१८८६). त्यांच्याशी हॅरिसन यांचा विवाह होणार होता असे मानले जाते. परंतु १९०१ मध्ये नील यांचा अचानक मृत्यू झाला. पुढे गिल्बर्ट मरे आणि फ्रान्सिस कॉर्नफर्ड हे त्यांचे निकटचे सहकारी झाले. ए. बी. कुक यांच्यासह या चौघांना केंब्रिजचे विधिवादी म्हणून ओळखले जाते. वास्तविक मरे केंब्रिजचे नव्हेत. ते १९०८ पासून ऑक्सफर्डला ग्रीकचे प्राध्यापक होते. संप्रदायांची नावे इतिहासकार सोयीसाठी देतात.

१९०३ मध्ये ‘प्रोलेगोमेना टु द स्टडी ऑफ ग्रीक रिलिजन’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. होमरच्या काव्यातील देव म्हणजेच ग्रीक धर्म, ही रूढ समजूत त्याने मोडीत काढली. ग्रंथाची मांडणीच बोलकी आहे. आरंभ देवांपासून न होता अथेन्सच्या सणांपासून होतो. डायासिया हा झ्यूस मेलिखिओसचा सण. ग्रंथपरंपरेनुसार झ्यूस म्हणजे ऑलिंपसवरील देवाधिदेव; परंतु पिरेयस येथे सापडलेल्या शिळेवर याच नावाखाली वेटोळे घातलेला प्रचंड सर्प कोरलेला आहे. या सणात बळी पूर्णपणे जाळला जाई. भक्तांनी देवासह जेवायचे, हा ऑलिंपियन यज्ञाचा रिवाज तेथे नव्हता. यावरून हॅरिसन यांनी असे अनुमान केले की, भूमीतील शक्तीला शांत करण्याचा जुना सण झ्यूसच्या नावे नंतर चढवला गेला. अँथेस्टेरिया हा डायोनिससचा, नव्या मद्याची भांडी उघडण्याचा वसंतोत्सव म्हणून प्रसिद्ध. पण त्याच दिवसांत अथेन्सचे लोक दारांना डांबर फासत, विशिष्ट झुडपाची पाने चावत आणि अखेरीस घरोघर आलेल्या प्रेतात्म्यांना निघून जाण्यास सांगत. आनंदोत्सवाखाली पितरांचा सण दडलेला होता. थेस्मोफोरिया या केवळ स्त्रियांच्या सणात डुकरांची पिले भूमीतील विवरांत टाकली जात आणि त्यांचे कुजलेले अवशेष वर काढून बियाण्यात मिसळले जात. नागपंचमी, सर्वपित्री अमावास्या आणि पेरणीचे ग्रामीण विधी ज्यांच्या परिचयाचे आहेत, त्या मराठी वाचकाला यातील प्रत्येक तपशिलाशी काही ना काही नाते जोडता येते. मात्र अशी नाती जोडताना साम्य म्हणजे प्रभाव नव्हे, हे भान राखले पाहिजे.

येथे पद्धतीचा मुद्दा येतो. हॅरिसन शिलालेख, शिल्प, भांड्यावरील चित्र, टीकाकाराने जाता जाता दिलेली नोंद या सर्वांना होमर-सोफोक्लीसइतकाच पुरावा मानतात. किंबहुना जेथे काव्य आणि वस्तू यांत विरोध येतो, तेथे त्यांचा कल वस्तूकडे असतो. संहिताशुद्धी हेच विद्वत्तेचे शिखर मानणाऱ्या परंपरेला हे मानवणारे नव्हते. त्या काळी ग्रीकचे प्राध्यापकपद सोफोक्लीसचे थोर संपादक रिचर्ड जेब यांच्याकडे होते. जेब यांच्या आवृत्त्या आजही वापरल्या जातात आणि त्यांच्या तुलनेत हॅरिसन यांचे ग्रीक भाषेवरील प्रभुत्व मर्यादित होते, हे त्यांच्या चाहत्यांनीही मान्य करावे. आपल्याकडे रा. चिं. ढेरे यांनी ‘लज्जागौरी’ (१९७८) किंवा ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ (१९८४) या ग्रंथांत मूर्ती, क्षेत्रमाहात्म्ये आणि लोकाचार यांना संतवाङ्मयाच्या शेजारी बसवून जे केले, त्याच्याशी या पद्धतीचे साधर्म्य आहे. वाङ्मयाच्या अभ्यासकाने शेंदूर फासलेल्या दगडाकडे पाहावे की नाही, हा प्रश्न दोन्हीकडे तोच आहे.

‘थीमिस’ (१९१२) हा त्यांचा सर्वांत महत्त्वाकांक्षी आणि सर्वांत वादग्रस्त ग्रंथ. १९०४ मध्ये क्रीट बेटावरील पॅलेकास्त्रो येथे एक खंडित शिलालेख सापडला होता. त्यात तरुणांचा समूह एका श्रेष्ठ कुमाराला वर्षारंभी येण्याचे आणि कळप, शेते, नगरे यांच्यासाठी उडी घेण्याचे आवाहन करतो. या सूक्तावरून हॅरिसन यांनी वर्षाच्या देवतेची कल्पना उभारली : समूह आधी नाचतो, त्या सामूहिक भावनेतून नायक निर्माण होतो, तो मरतो आणि पुन्हा येतो, आणि देव ही या नायकाची नंतरची, विधीपासून तुटलेली अवस्था होय. यामागे एमिल द्यूरकेम यांचे समाजशास्त्र आणि आँरी बर्गसाँ यांचे तत्त्वज्ञान आहे. ट्रॅजेडीची रचना या वर्षविधीच्या टप्प्यांवर बेतलेली आहे, असे दाखवणारे मरे यांचे प्रकरण आणि ऑलिंपिक खेळांच्या उगमावरील कॉर्नफर्ड यांचे प्रकरण याच ग्रंथात आहे. भारतीय वाचकाच्या दृष्टीने लक्षणीय भाग म्हणजे ग्रीक ‘डिके’ या संकल्पनेचा त्यांनी वैदिक ‘ऋत’ आणि चिनी ‘ताओ’ यांच्याशी केलेला तौलनिक विचार. न्याय या नंतरच्या अर्थाआधी डिके म्हणजे सृष्टीचा चालण्याचा मार्ग होता, असे त्यांचे प्रतिपादन आहे.

हा डोलारा टिकला नाही. विल्यम रिजवे यांनी ट्रॅजेडीचा उगम मृत वीरांच्या पूजेत असल्याचे आधीच मांडले होते. आणि १९२७ मध्ये पिकर्ड-केंब्रिज यांनी उपलब्ध ट्रॅजेडींतून मरे यांचे विधिटप्पे निघत नाहीत, हे नाटकागणिक तपासून दाखवले. प्रत्येक कथेमागे विधी असतोच, हा आग्रहही आता कोणी धरत नाही. आपल्याकडे दशावतार, लळित किंवा खंडोबाचे जागरण यांच्यापासून मराठी नाटकाचा थेट उगम सांगण्याची जी घाई कधीकधी होते, तिने पिकर्ड-केंब्रिज यांची ही तपासणी अवश्य वाचावी. पण ग्रीक धर्माचा अभ्यास विधीपासून सुरू करावा, हे आता इतके स्वीकृत झाले आहे की ते कोणी प्रथम आग्रहाने सांगितले, याची आठवण करून द्यावी लागते.

हॅरिसन यांच्या वगळलेपणामुळेच त्यांना नवी दृष्टी लाभली, असे सांगण्याची एक प्रथा आहे. हे विधान जपून केले पाहिजे. परीक्षेच्या चौकटीबाहेर राहिल्याने त्यांच्या अभ्यासाची दिशा बदलली, इतके निश्चित म्हणता येते. परंतु ज्यांना स्वतःचे उत्पन्न नव्हते, न्यूटन किंवा ड्योर्पफेल्ट यांच्यापर्यंत जाण्याची सोय नव्हती, अशा किती विद्यार्थिनी ट्रायपॉसनंतर शाळेत लॅटिन शिकवत राहिल्या, त्यांची गणती या विधानात होत नाही. मेरी बिअर्ड यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात याच प्रकारची आणखी एक बाब पुढे आणली. लंडनच्या वर्षांत हॅरिसन यांच्या निकट असलेल्या आणि रोमन कलेच्या अभ्यासात स्वतंत्र कार्य केलेल्या युजिनी सेलर्स यांचे नाव हॅरिसनचरित्रांतून जवळजवळ पुसले गेले होते. एकाकी प्रवर्तिकेची प्रतिमा उभी राहते, तेव्हा तिच्या शेजारी उभ्या असलेल्या व्यक्ती अशा अंधारात जातात.

१९०९ मध्ये कॉर्नफर्ड यांचा विवाह झाला आणि त्या सहकार्यातील जवळीक संपली. हॅरिसन यांना हा आघात मोठा वाटला. त्याच वर्षी केंब्रिजमधील ‘हेरेटिक्स’ या मुक्तविचारी मंडळाचे उद्घाटनपर व्याख्यान त्यांनी दिले. महायुद्ध सुरू झाल्यावर त्या युद्धज्वरापासून दूर राहिल्या. सहकाऱ्यांशी मतभेद वाढले, विद्यार्थी आघाडीवर गेले, आणि साठी ओलांडलेल्या हॅरिसन रशियन भाषेकडे वळल्या. न्यूनममध्ये ती शिकवूही लागल्या. १९१९ मध्ये केंब्रिजने सर्व विद्यार्थ्यांवरील ग्रीकची सक्ती उठवली. त्या सुमारास लिहिलेल्या छोट्या पुस्तिकेत त्यांनी क्रियापदांच्या रूपांतून त्या त्या समाजाचा काळाविषयीचा दृष्टिकोन कसा उलगडतो याची चर्चा केली आणि रशियनलाही अभिजात भाषांच्या बरोबरीने स्थान असावे, असे सुचवले. आयुष्यभर वस्तूंकडे वळलेल्या या विदुषीचे अखेरीस व्याकरणाशी सख्य झाले, ही गोष्ट मला लक्षणीय वाटते.

१९२१ मध्ये केंब्रिजने स्त्रियांना नाममात्र पदव्या मंजूर केल्या, सदस्यत्व मात्र नाकारले. निकालानंतर विद्यार्थ्यांच्या जमावाने न्यूनमच्या कांस्य दरवाजांची मोडतोड केली. पुढल्या वर्षी हॅरिसन यांनी केंब्रिज सोडले. जाण्यापूर्वी त्यांनी आपली जवळजवळ सर्व कागदपत्रे जाळली. तरुण कवयित्री होप मर्लीझ यांच्यासह त्या पॅरिसला राहिल्या. निर्वासित रशियन लेखकांशी तेथे त्यांचा परिचय झाला. सतराव्या शतकातील रशियन धर्मगुरू अव्वाकुम याच्या आत्मचरित्राचे दोघींनी केलेले भाषांतर १९२४ मध्ये लेनर्ड आणि व्हर्जिनिया वुल्फ यांच्या होगार्थ प्रेसने छापले. हॅरिसन यांच्या छोटेखानी आठवणीही तेथूनच १९२५ मध्ये निघाल्या. विद्यार्थिदशेच्या आठवणी असे त्यांचे नाव आहे, जरी लेखिका तेव्हा पंचाहत्तरीला पोचली होती.

१५ एप्रिल १९२८ रोजी लंडनमधील ब्लूम्सबरी भागातील घरी त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये न्यूनममध्ये दोन व्याख्याने झाली. एक गिल्बर्ट मरे यांचे, त्यांच्या स्मरणार्थ. दुसरे व्हर्जिनिया वुल्फ यांचे, ज्यातून पुढे ‘अ रूम ऑफ वन्स ओन’ हे पुस्तक झाले. त्या पुस्तकात संध्याकाळच्या बागेत क्षणभर दिसणारी विदुषी केवळ आद्याक्षरांनी दर्शवली आहे. होप मर्लीझ यांनी चरित्रासाठी जमवलेले साहित्य न्यूनमकडे आले, चरित्र मात्र अपुरे राहिले. मरे यांनी जपून ठेवलेल्या पत्रांच्या आधारे त्यांची शिष्या जेसी स्ट्युअर्ट यांनी १९५९ मध्ये पहिले चरित्र प्रसिद्ध केले. त्याआधी अकरा वर्षे, १९४८ मध्ये, केंब्रिजने स्त्रियांना पूर्ण सदस्यत्वासह पदव्या देण्यास प्रारंभ केला होता.